काउंटी पोलिसांचे दप्तर आणि 'सत्यकथनात्मक कादंबरी' : अमेरिकेतील स्थानिक पोलीस अभिलेखांची मागणी आणि त्यांचे वाचन

१. प्रश्नाचे स्वरूप

ट्रुमन कपोटी यांची 'इन कोल्ड ब्लड' ही कृती १९६५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकातून चार भागांत आणि जानेवारी १९६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कॅन्सस राज्यातील होल्कम या खेड्याबाहेरच्या शेतघरात १५ नोव्हेंबर १९५९ च्या पहाटे क्लटर कुटुंबातील चौघांची हत्या झाली. रिचर्ड हिकॉक आणि पेरी स्मिथ या दोघांना त्या गुन्ह्यासाठी १४ एप्रिल १९६५ रोजी फाशी देण्यात आली. या घटनाक्रमावर आधारलेल्या आपल्या लेखनाला कपोटी यांनी 'नॉनफिक्शन नॉव्हेल' म्हणजे सत्यकथनात्मक कादंबरी असे नाव दिले आणि तिच्या तंतोतंत खरेपणाचा दावा केला. कृतीचा वाङ्मयप्रकारच या दाव्यावर उभा असल्याने तो दावा तपासणे हे समीक्षेचे काम ठरते.

ही तपासणी लगेचच सुरू झाली. फिलिप टॉम्पकिन्स यांनी कॅन्ससमध्ये जाऊन संबंधितांच्या भेटी घेतल्या, न्यायालयीन कागद पाहिले आणि जून १९६६ च्या 'एस्क्वायर' मासिकात कपोटींच्या कथनातील विसंगती नोंदविल्या. कपोटींचे चरित्रकार जेरल्ड क्लार्क यांच्या १९८८ मधील ग्रंथावरून शेवटचा स्मशानभूमीतील प्रसंग कल्पित असल्याचे अभ्यासकांना ज्ञात झाले. तथापि मूळ तपासाचे कागद सर्वांना खुले नव्हते. तपासाची धुरा सांभाळणारे अधिकारी अल्विन ड्यूई यांच्याशी जुळलेल्या मैत्रीमुळे कपोटींना ते पाहता आले होते. लेखकाला मर्जीने जे मिळाले, ते समीक्षकाला हक्काने मिळू शकते काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने अमेरिकेतील काउंटी-पातळीवरील पोलीस अभिलेख मागण्याची पद्धती विशद केली आहे, आणि मागणीची रीत ही हाती येणाऱ्या संहितेचे रूप कसे ठरवते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

२. अभिलेख कोणाच्या ताब्यात असतो?

भारतीय अभ्यासकाच्या मनात पोलीस म्हणजे राज्य शासनाचे एकसंध खाते असते. अमेरिकेत तसे नाही. तेथे तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत. बहुतेक काउंटींमध्ये मतदारांनी निवडून दिलेला शेरीफ हा पोलीस-प्रमुख असतो. शहरांची पोलीस खाती स्वतंत्र असतात, राज्याची तपास यंत्रणा निराळी असते आणि संघराज्याची आणखी निराळी. एकट्या कॅन्ससमध्ये १०५ काउंटी आहेत. त्यांतील राइली काउंटीत शेरीफच नाही, तेथे संयुक्त पोलीस खाते आहे. म्हणून मागणीअर्ज लिहिण्यापूर्वी घटना नेमकी कोणाच्या हद्दीत घडली आणि तपासात कोण कोण सहभागी होते, याचा नकाशा तयार करावा लागतो.

क्लटर प्रकरणाचा नकाशा या दृष्टीने उद्बोधक आहे. शेतघर फिनी काउंटीच्या शेरीफच्या हद्दीत होते. काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या गार्डन सिटीचे पोलीस खाते वेगळे होते. तपास राज्याच्या कॅन्सस ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन या यंत्रणेकडे गेला आणि ड्यूई हे तिचेच अधिकारी होते, जरी पूर्वी ते फिनी काउंटीचे शेरीफ राहिले होते. आरोपींना ३० डिसेंबर १९५९ रोजी नेवाडातील लास व्हेगास येथे अटक झाली, म्हणजे अटकेची पहिली नोंद दुसऱ्याच राज्यात आहे. जानेवारी १९६० मध्ये त्यांना गार्डन सिटीच्या न्यायालय-इमारतीतील काउंटी तुरुंगात आणले गेले आणि मार्चमध्ये तेथेच खटला चालला. खटल्याचे कागद जिल्हा न्यायालयाच्या क्लार्ककडे, अभियोगाचे कागद काउंटी अटर्नीकडे आणि १९६१ चा अपिलाचा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाशित निकालसंग्रहात, अशी ही विभागणी आहे. 'क्लटर हत्याकांडाची फाईल' नावाची एकच वस्तू कोठेही नाही. एकच अहवाल तीन कार्यालयांत तीन प्रतींच्या रूपाने असू शकतो, आणि या प्रती सारख्याच असतील असे गृहीत धरता येत नाही.

जुने कागद पुष्कळदा पोलिसांकडे उरलेलेच नसतात. अभिलेख किती वर्षे ठेवायचे व केव्हा नष्ट करायचे याचे तक्ते ठरलेले असतात, आणि ऐतिहासिक मूल्याचे कागद राज्य अभिलेखागारात वा इतिहाससंस्थेत हलविले जातात. अशा वेळी कागदांबरोबर त्यांच्या जतनाचा तक्ता आणि हस्तांतराची वा नाशाची नोंदही मागावी. कागद नष्ट झाला असेल तर तो केव्हा व कोणत्या नियमाने नष्ट झाला, हीसुद्धा अभ्यासाची सामग्रीच असते.

३. कोणता कायदा लागू होतो?

अभ्यासकांकडून वारंवार होणारी चूक म्हणजे काउंटीकडे संघराज्याच्या माहिती-स्वातंत्र्य कायद्याचा हवाला देऊन अर्ज करणे. ४ जुलै १९६६ रोजी स्वाक्षरी झालेला हा कायदा केवळ संघराज्याच्या कार्यालयांना लागू आहे. काउंटीला त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो, आणि पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत. मुदत, शुल्क, अपवाद, अपिलाची वाट हे सारे राज्यागणिक बदलते.

परदेशी अभ्यासकाने सर्वप्रथम अर्ज करण्याचा हक्क कोणाला आहे, हे पाहावयास हवे. कॅन्सस, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत कोणतीही व्यक्ती अभिलेख मागू शकते. व्हर्जिनिया, टेनेसी, आर्कान्सा, अलाबामा या राज्यांनी मात्र हा हक्क मुख्यत्वे आपल्या रहिवाशांपुरता ठेवला आहे. अशी मर्यादा घटनाबाह्य नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मॅकबर्नी विरुद्ध यंग' या खटल्यात २०१३ मध्ये दिला. म्हणजे हैदराबाद वा दिल्ली येथील संशोधक कॅन्ससमधील शेरीफला थेट अर्ज करू शकतो. व्हर्जिनियात मात्र त्याला तेथील एखाद्या सहकाऱ्याच्या नावे अर्ज करावा लागेल. तौलनिक अभ्यासाचा नमुना निवडतानाच हा भेद लक्षात घेतला नाही, तर अभ्यास अर्ध्यावर अडतो.

४. कॅन्ससमधील मागणीअर्ज

कॅन्सस ओपन रेकॉर्ड्स अ‍ॅक्टनुसार प्रत्येक सार्वजनिक कार्यालयात माहिती अधिकारी नेमलेला असतो. कार्यालय लेखी अर्जाचा आग्रह धरू शकते, परंतु अर्जदाराचे नाव, पत्ता आणि अभिलेख ओळखण्यास व त्यावरील हक्क ठरविण्यास आवश्यक तेवढाच तपशील मागू शकते. ओळखीचा पुरावाही मागितला जाऊ शकतो. अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्यावर कार्यवाही व्हावी लागते. कागद लगेच देता येत नसेल तर विलंबाचे कारण आणि तो केव्हा व कोठे मिळेल हे कळवावे लागते. प्रतींचा व शोधकामाचा खर्च आगाऊ मागता येतो. म्हणून अर्जातच अंदाजित खर्च कळविण्याची विनंती करावी आणि किती रकमेपर्यंत संमती आहे, हेही लिहावे.

अभिलेखाचे वर्णन हा अर्जाचा प्राण होय. कायदा अस्तित्वात असलेले कागद देण्यास सांगतो. नवे कागद तयार करण्यास वा प्रश्नांची उत्तरे देण्यास सांगत नाही. 'तपास संथ का झाला?' हा प्रश्न अर्जात निरुपयोगी आहे. त्याऐवजी कागदाचा प्रकार, कालमर्यादा, स्थळ आणि व्यक्ती यांनी बांधलेली मागणी करावी. फिनी काउंटीच्या शेरीफला करावयाच्या अर्जाचा गाभा असा असू शकेल :

"कॅन्सस ओपन रेकॉर्ड्स अ‍ॅक्टनुसार पुढील अभिलेख पाहावयास अथवा त्यांच्या प्रती मिळाव्यात. अ) १५ ते ३० नोव्हेंबर १९५९ या काळातील दैनंदिन नोंदवहीची पाने. आ) जानेवारी ते एप्रिल १९६० या काळातील काउंटी तुरुंगातील बंद्यांची नोंद. इ) १५ नोव्हेंबर १९५९ च्या घटनेच्या गुन्हा-अहवालाचे पहिले पान. ई) वरीलपैकी काही अन्यत्र हलविले वा नष्ट केले असल्यास त्याची नोंद. एखाद्या अभिलेखाचा काही भाग देता येत नसेल तर तो भाग वगळून उर्वरित भाग द्यावा आणि वगळण्यास आधारभूत असलेले कलम लेखी कळवावे."

ही मागणी सहजगत्या रचलेली नाही. कॅन्ससच्या कायद्यात 'गुन्हे-अन्वेषण अभिलेख' हा अपवाद असून असे अभिलेख उघड करण्याचे बंधन कार्यालयावर नाही. मात्र पोलिसांच्या दैनंदिन नोंदवहीतील नोंदी, न्यायालयीन अभिलेख आणि तुरुंगातील बंद्यांच्या याद्या या व्याख्येतून वगळल्या आहेत. गुन्हा-अहवालाचे पहिले पानही सर्वसाधारणपणे खुले मानले जाते. म्हणून एकाच अर्जात 'सर्व कागद' मागितल्यास नकार ठरलेला असतो. खुल्या कागदांची मागणी स्वतंत्रपणे मांडली तर निदान तेवढे पदरात पडतात. अंशतः गोपनीय कागदातून गोपनीय भाग वेगळा काढून उर्वरित भाग देण्याचे बंधनही कायद्यात आहे.

५. तोच ग्रंथ, दुसरी काउंटी

कपोटींच्या ग्रंथाचा धागा फ्लोरिडातील सॅरासोटा काउंटीपर्यंत जातो. १९ डिसेंबर १९५९ रोजी तेथील ऑस्प्री येथे वॉकर कुटुंबातील चौघांची हत्या झाली. हिकॉक व स्मिथ त्या सुमारास फ्लोरिडात होते. या गुन्ह्याचा उल्लेख कपोटींच्या कथनात येतो आणि विरून जातो. सॅरासोटाच्या शेरीफ-कार्यालयाने मात्र तो सोडला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दोघांचे अवशेष उकरून डीएनए नमुने घेण्यात आले. ऑगस्ट २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार जुळणी सिद्ध होऊ शकली नाही.

फ्लोरिडातील कायद्याची घडण कॅन्ससहून भिन्न आहे. अभिलेख पाहण्याचा हक्क तेथे १९९२ पासून राज्यघटनेतच समाविष्ट आहे. अर्जदाराला नाव वा कारण सांगण्याची सक्ती नाही, तोंडी मागणीही चालते. कायद्याने दिवसांची ठाम मुदत घातलेली नाही, परंतु मागणीची पोच तत्परतेने देणे व प्रामाणिकपणे शोध घेणे बंधनकारक आहे. साध्या एकपाठी पानाला पंधरा सेंटपर्यंत आकार असतो. शोधकाम मोठे असल्यास वेगळा खर्च पडतो. गुन्ह्याची वेळ, तारीख, स्थळ व स्वरूप, तसेच अटक झालेल्याचे नाव, वय यांसारखा तपशील खुला असतो. अपवाद आहे तो 'सक्रिय' तपासाच्या माहितीपुरता. नजीकच्या काळात अटक वा खटला होईल अशी वाजवी व प्रामाणिक अपेक्षा असेल तोवरच तपास सक्रिय मानला जातो. कबुलीजबाबाचा आशय प्रकरणाचा अंतिम निर्णय होईपर्यंत झाकलेला राहतो, हेही वाङ्मयाभ्यासकाने ध्यानात ठेवावे, कारण सत्यकथनात्मक लेखन प्रायः कबुलीजबाबाभोवतीच रचले जाते.

दोन कायद्यांतील अंतर असे सांगता येईल : कॅन्समध्ये कागद कोणत्या प्रकारचा आहे, हा निर्णायक प्रश्न असतो. फ्लोरिडात तपास अद्याप जिवंत आहे काय, हा निर्णायक प्रश्न असतो. त्यामुळे मागणीअर्जाची भाषाही बदलावी लागते. पहिल्या ठिकाणी कागदांचे वर्गीकरण करावे लागते, तर दुसऱ्या ठिकाणी तपास सक्रिय असल्याचा आधार काय, असे विचारावे लागते.

६. नकारानंतरच्या वाटा

नकार आल्यास प्रथम तो लेखी व कलमासह मागावा. कॅन्समध्ये काउंटी अटर्नी वा राज्याचे अटर्नी जनरल यांच्याकडे तक्रार करता येते. जिल्हा न्यायालयाची वाटही मोकळी आहे. गुन्हे-अन्वेषण अभिलेख उघड करणे लोकहिताचे आहे, त्याने पुढील कारवाईस बाधा येत नाही, गुप्त खबऱ्याची ओळख वा तपासाचे गोपनीय तंत्र उघड होत नाही, कोणाच्या जिवास धोका पोचत नाही, अशा अटींची पूर्तता झाल्याचे दिसल्यास न्यायालय ते खुले करण्याचा आदेश देऊ शकते.

दुसरी वाट काळाची आहे. कॅन्ससच्या कायद्यानुसार सत्तर वर्षांहून जुना सार्वजनिक अभिलेख, अन्य एखाद्या कायद्याने स्पष्टपणे प्रतिबंधित नसल्यास, वरील अपवाद बाजूला सारून खुला होतो. नोव्हेंबर १९५९ मधील कागदांना २०२९ च्या अखेरीस सत्तर वर्षे पूर्ण होतील.

तिसरी वाट खाजगी संग्रहांची. क्लटर प्रकरणाचा महत्त्वाचा पेच येथेच निर्माण झाला. तपासातील अधिकारी हॅरॉल्ड नाय यांची टिपणे व कागद त्यांच्या वारसांकडे होते. ते विक्रीस निघाल्यावर २०१२ मध्ये कॅन्सस राज्याने न्यायालयात जाऊन प्रकाशनास हरकत घेतली. २०१४ मध्ये निर्णय वारसांच्या बाजूने लागला. दरम्यान २०१३ मध्ये 'द वॉल स्ट्रीट जर्नल'ने यांतील कागदांच्या आधारे एक विसंगती प्रसिद्ध केली. तुरुंगातील खबऱ्याने हिकॉकचे नाव सांगितल्यानंतर नाय त्याच दिवशी हिकॉकच्या आईवडिलांच्या घरी पोचतात, असे ग्रंथात दिसते. कागदांनुसार मध्ये पाच दिवस गेले होते.

७. अभिलेखाचे वाचन

या पाच दिवसांचे काय करावे? कपोटी खोटे ठरले एवढेच म्हणून थांबणे ही अभिलेखाची बाळबोध उपयोजना होय. कथनाच्या अंगाने पाहता येथे काळाचा संकोच झाला आहे. तपासयंत्रणेची दिरंगाई गाळल्याने ड्यूई आणि त्यांचे सहकारी निःशंक नायक म्हणून उभे राहतात. ज्या मैत्रीने लेखकाला दप्तर उघडून दिले, त्या मैत्रीची किंमत कथनाच्या रचनेत चुकती झाली काय, असा प्रश्न त्यातून निघतो. हा प्रश्न मानसशास्त्राचा नसून संहितेचा आहे, आणि दप्तराशिवाय तो विचारताही येत नाही.

मात्र दप्तर हेही निर्मळ सत्य नव्हे. पोलीस अहवालाला लेखक असतो, वरिष्ठ वाचक असतो, ठरलेला साचा असतो. दैनंदिन नोंदवही तासामिनिटांत बोलते आणि कारणांविषयी मौन राखते. पुरवणी अहवाल बहुधा घटनेनंतर, निष्पत्ती डोळ्यांपुढे ठेवून लिहिला जातो. भारतीय वाचकाने या कागदांना 'एफआयआर', 'पंचनामा', 'जबाब' अशी परिचित नावे देण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घेतली जात नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतील हा दंडक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. अमेरिकेत स्वाक्षरी केलेले वा ध्वनिमुद्रित निवेदन ही नेहमीची बाब आहे. कागदामागची कायदेशीर कृती भिन्न असल्याने त्याचे निवेदनमूल्यही भिन्न असते.

याहून महत्त्वाचे म्हणजे अर्जाने मिळालेला कागद हा मूळ कागदाचा एक विशिष्ट पाठ असतो. काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या ओळी, वगळलेली पाने, उद्धृत केलेले कलम यांनी तो घडलेला असतो. एकच अहवाल शेरीफकडून, राज्य-यंत्रणेकडून आणि न्यायालयाच्या क्लार्ककडून मागविला तर तीन पाठ मिळू शकतात. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत अभ्यासक ज्याप्रमाणे प्रतींची तुलना करतो, त्याचप्रमाणे येथेही करावी. अशा कागदाचा संदर्भ देताना कार्यालय, अर्जाचा दिनांक, प्रत मिळाल्याचा दिनांक, पृष्ठसंख्या आणि वगळलेल्या भागाचे कलम एवढे नोंदवावे. नंतरच्या अभ्यासकाला कदाचित अधिक खुला पाठ मिळेल, आणि तेव्हा पूर्वीचे निष्कर्ष कोणत्या पाठावर उभे होते हे कळणे अगत्याचे ठरेल.

८. मराठीच्या अंगणात

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील दोषी मुनव्वर शाह याचे 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' हे मराठीतील कथन कपोटींच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचता येण्यासारखे आहे. १९७६-७७ मधील या हत्यांसाठी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. कॅन्समध्ये गुन्हेगारांच्या वतीने लेखक बोलतो, येथे गुन्हेगार स्वतः निवेदक आहे. साहजिकच अभिलेखाशी पडताळण्याचा प्रश्न येथे उलट्या दिशेने उभा राहतो.

या कागदांसाठी वाट आहे ती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ची. त्याच्या कलम ८(१)(ज) नुसार तपासात वा खटल्यात अडथळा आणणारी माहिती नाकारता येते. मात्र तपास चालू आहे एवढे कारण पुरेसे नाही, अडथळा कसा येतो हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले. हा दृष्टिकोन फ्लोरिडातील 'सक्रिय तपासा'च्या कसोटीला जवळचा आहे. कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद यांसारखे मोजके अपवाद सोडता, देय ठरते. कॅन्ससच्या सत्तर वर्षांच्या तुलनेत हा कायदा उदार आहे. परंतु वीस वर्षांनंतर कागद शिल्लक असतोच असे नाही. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता व दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून वर्णनाची काटेकोरता येथे अधिकच लागते. शिवाय हा हक्क केवळ नागरिकांचा आहे. भारतीय अभ्यासक गार्डन सिटीत अर्ज करू शकतो, पण कॅन्ससचा अभ्यासक पुण्यात करू शकत नाही. तौलनिक प्रकल्पांत भारतीय सहकाऱ्याची जबाबदारी यामुळे वाढते.

९. समारोप

दोन्ही देशांत या कागदांत मृतांचे नातलग, साक्षीदार, शेजारी यांची नावे येतात आणि त्यांतील काही जण हयात असतात. कायद्याने मिळालेले सर्वच छापावे, असे नाही. विवेचनास आवश्यक तेवढेच उद्धृत करणे उचित ठरेल. सत्यकथनात्मक वाङ्मयाची चर्चा आजवर बहुधा लेखकाच्या प्रतिज्ञेवर आणि शैलीवर झाली. ती तपासयोग्य करावयाची तर मागणीअर्ज, नकारपत्र आणि झाकलेल्या ओळींची प्रत यांना अभ्याससामग्रीत स्थान द्यावे लागेल. कपोटींना जे स्नेहसंबंधाने मिळाले, त्यातील काही भाग आजही अर्जाने मिळतो. उर्वरित भागावरचे अपवाद २०२९ नंतर बव्हंशी उठणार आहेत. त्यापूर्वी कोणत्या कार्यालयात काय शिल्लक आहे, याची यादी करून ठेवणे हे नजीकचे काम आहे.